'युनिव्हर्सली' आणि टॉवेलचं लेबल : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शेंगाचटणी

मंडळी, एका इंग्रजी शब्दापायी ऑफिसात माझी चांगलीच शोभा झाली आहे. म्हटलं इथे विचारावं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करते. माल परदेशी जातो. तिकडून इंग्रजी पत्रकं येतात, त्यातलं पॅकिंग खात्याला लागेल तेवढं मराठीत करून फळ्यावर लावायचं काम माझं. टॉवेलच्या कडेला ते एवढंसं लेबल शिवलेलं असतं ना, त्यावर धुण्याच्या खुणा असतात. पाण्याचा टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्रीचं चित्र म्हणजे इस्त्री आणि नुसतं वर्तुळ म्हणजे लाँड्रीतलं ड्रायक्लीन.

या खेपेच्या पत्रकात वाक्य होतं, 'दीज सिम्बॉल्स आर नॉट युनिव्हर्सली अंडरस्टुड', आणि पुढे, म्हणून शब्दांतही सूचना द्या. मी फळ्यावर लिहिलं : 'ही चिन्हे सगळ्यांना समजत नाहीत. लेखी सूचनांचे लेबल लावावे.'

सुपरवायझरनं वाचलं आणि खात्यात सांगून टाकलं, "खुणा कुणाला कळत नाहीत म्हणे, ते लेबल बंद करा." दुपारी तपासणीत बघते तर अख्ख्या एका लॉटला खुणांचं लेबलच नाही, नुसतं अक्षरांचं! माल गेला नव्हता म्हणून वाचले. उसवून पुन्हा शिवायला दीड दिवस गेला आणि शिवणाऱ्या बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते लिहीत नाही.

चूक माझीच. पण आता प्रश्न पडलाय की 'युनिव्हर्सली'ला लिहायचं तरी काय? शब्दकोशात 'सार्वत्रिकपणे' सापडलं. 'ही चिन्हे सार्वत्रिकपणे समजली जात नाहीत' असं लिहिलं असतं तर बायकांनी मला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

गड्ड्यातला_पाळणा

सगळीकडं म्हणा की ओ ताई. सोप्पंय. ह्याला धागा कशाला काढायचा?

शंकासुर

@गड्ड्यातला_पाळणा, 'सगळीकडं समजत नाहीत' म्हणजे कुठे समजत नाहीत बे? बाळीवेशीत समजतात आणि विजापूर वेशीत समजत नाहीत? खुणा माणसाला कळतात, जागेला नाही.

गड्ड्यातला_पाळणा

बरं राहिलं.

निवृत्त_मास्तर

शंकासुरांनी थट्टेत म्हटलं असलं तरी मेख तीच आहे. तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातल्या अनुभवानं थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचावा.

हा शब्द लॅटिन 'युनिव्हर्सस'वरून आला. 'युनुस' म्हणजे एक आणि 'व्हर्सस' म्हणजे वळलेला. सगळं मिळून एकाच दिशेला वळलेलं, एकवटलेलं. त्याला विशेषणाचा प्रत्यय लागून 'युनिव्हर्सल' झाला आणि 'ली' लागून क्रियाविशेषण.

आता गंमत अशी की इंग्रजीत हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. 'युनिव्हर्सली लव्ह्ड' म्हटलं की प्रश्न 'कोणाचा?', उत्तर 'सगळ्यांचा'. 'युनिव्हर्सली अव्हेलेबल' म्हटलं की बहुतेक वेळा प्रश्न 'कुठे?', उत्तर 'सर्वत्र'. 'युनिव्हर्सली ट्रू' म्हटलं की प्रश्न 'केव्हा, कोणत्या बाबतीत?', उत्तर 'प्रत्येक वेळी, अपवाद न करता'. इंग्रजी वाचणारा शेजारच्या शब्दावरून ओळखतो. आपल्याकडे संस्कृतातून आलेली पेटीच निराळी आहे : जागेला 'सर्वत्र', काळाला 'सर्वदा', रीतीला 'सर्वथा'. मराठीत आधी ठरवावं लागतं की 'सगळं' म्हणजे माणसं, ठिकाणं की वेळा. ते न ठरवता 'सार्वत्रिकपणे' लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला माप न विचारता शर्ट शिवणं.

आणखी एक. इंग्रजीत हे क्रियाविशेषण बहुतेक वेळा 'ॲक्सेप्टेड', 'नोन', 'कंडेम्ड' अशा शब्दांच्या पाठीवर बसून येतं. मराठीत ती दोघं मिळून एकच समास होतो : सर्वमान्य, सर्वज्ञात, सर्वश्रुत, सर्वसंमत. तिथे वेगळं 'पणे' नि 'रीत्या' चिकटवायची गरजच उरत नाही. (आणि चिकटवायचंच असेल तर 'रीत्या', दीर्घ री. 'रित्या' म्हणजे रिकाम्या. रित्या हाती परत पाठवतो मी असले पेपर.)

गड्ड्यातला_पाळणा

मास्तर, मग युनिव्हर्सिटी पण त्यातलीच का? आपली युनिव्हर्सिटी तर फक्त एका जिल्ह्याची आहे. एकाच जिल्ह्यातलं विश्व?

निवृत्त_मास्तर

हा हा. बरोबर पकडलंत. पण 'युनिव्हर्सिटास'चा अर्थ विश्व असा नव्हताच, 'एकवटलेला समूह' असा होता. मध्ययुगात युरोपात शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा संघ, ती युनिव्हर्सिटी. त्या न्यायानं १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर जिल्ह्यापुरती स्थापन झालेली आपली युनिव्हर्सिटी शब्दाच्या मूळ अर्थाला अगदी धरून आहे. आणि मराठीनं तर विश्वाचा संबंधच तोडून 'विद्यापीठ' केलं. शहाणपणाचं केलं.

भीमाकाठ

मंगळवेढ्याहून नमस्कार. उर्दूत 'युनिव्हर्सल'ला 'आलमगीर' म्हणतात. आलमगीर सच्चाई म्हणजे युनिव्हर्सल ट्रूथ. आलम म्हणजे जग, गीर म्हणजे पकडणारा, कब्जा करणारा. लॅटिनमध्ये सगळे एकत्र वळले म्हणून युनिव्हर्सल, फारसीत जग मुठीत धरलं म्हणून. औरंगजेबाचं बिरुद तेच. हा आलमगीर १६९५ ते १६९९ आमच्या शेजारी ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी छावणी टाकून बसला होता, माचणूरचा किल्ला त्याच वेळचा. एवढी वर्षं या मुलखात काढूनही मराठे काही मुठीत आले नाहीत, त्यामुळे 'नॉट युनिव्हर्सली'चं उदाहरण म्हणून तोच घ्यावा असं सुचवतो.

आता कामाचं. फारसी वळणाचे आपले रोजचे दोन शब्द कुणी काढलेच नाहीत : सरसकट आणि सर्रास. दोन्ही 'युनिव्हर्सली'च्या आसपासचे, पण अदलाबदल केली की घोटाळा. 'सरसकट कर्जमाफी' म्हणजे निकष न लावता, निवड न करता सगळ्यांना. 'सर्रास' म्हणजे उघड उघड, वरचेवर, आणि त्यात एक नाक मुरडणं असतं. 'सर्रास कॉप्या चालतात' म्हणतो, 'सर्रास अभ्यास करतात' असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीतल्या 'युनिव्हर्सली'त हे नाक मुरडणं नाही.

अक्कलकोटकर

झाडून सारे, यच्चयावत, एकजात, अगदी शेंबड्या पोरापर्यंत... ही पण त्याच घरातली. 'यच्चयावत' मला फार आवडतो, म्हणताना तोंड भरतं.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. म्हणजे माझ्या वाक्यात 'कोणाला?' होतं आणि मी 'सगळ्यांना' लिहिलं. तिथवर बरोबरच होतं की! मग गाडी घसरली कुठे?

ओ_निगेटिव्ह

मी रक्तपेढीत आहे, थोडी माहिती माझ्याकडची. 'युनिव्हर्सल डोनर'ला मराठीत 'सर्वयोग्य दाता' म्हणतात. मला तो शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो, कारण कशात 'सर्व' ते त्यातच सांगितलं आहे : सर्वांना योग्य. 'सार्वत्रिक दाता' म्हटलं असतं तर वाटलं असतं की हा माणूस गावोगाव फिरून रक्त देतो.

तरी त्या 'सर्व'लाही अट आहेच. ओ निगेटिव्हच्या फक्त लाल पेशी सर्वयोग्य. प्लाझ्मा द्यायचा असेल तर उलटं होतं, तिथे एबी गटाचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो. लोक कॅम्पात येऊन छाती पुढे काढून सांगतात, "मी युनिव्हर्सल." मी म्हणते, "बसा काका, आधी हिमोग्लोबिन बघू."

शंकासुर

ही अट प्रत्येक 'युनिव्हर्सली'च्या पोटात असते, हेच माझं म्हणणं. पाणी १०० अंशाला उकळतं हे शाळेत युनिव्हर्सली ट्रू म्हणून घोकलं. ते समुद्रसपाटीला. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, इथे पाणी दीडेक अंश आधीच उकळतं. न्यूटनच्या 'युनिव्हर्सल' गुरुत्वाकर्षणाला पाठ्यपुस्तकात 'वैश्विक' म्हणतात, ते मात्र चपखल. तो स्थिरांक चंद्रावरही तोच. तिथे खरोखर विश्व आहे. पण 'हा कलाकार वैश्विक लोकप्रिय आहे' असं वाचलं की मंगळावरचे चाहते डोळ्यांपुढे येतात.

आणखी एक. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा 'युनिव्हर्सल' जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा बाजूनं ४८ मतं, विरोधात शून्य आणि ८ देश तटस्थ. म्हणजे जाहीरनामा युनिव्हर्सल, मंजुरी मात्र युनिव्हर्सली नाही!

ओ_निगेटिव्ह

शंकासुर, त्याच जाहीरनाम्यातलं एक राहिलं. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' होतं. भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी आग्रह धरला म्हणून 'ऑल ह्युमन बीइंग्ज' झालं. 'सगळे' म्हटल्यावर त्यात कोण कोण मोजायचं, ते असं भांडून ठरवून घ्यावं लागतं.

शंकासुर

मान्य. (हे सर्वमान्य धरायला हरकत नाही.)

अक्कलकोटकर

एक शंका. निवडणूक आयोगाच्या मराठीत 'सार्वत्रिक निवडणूक' म्हणजे जनरल इलेक्शन, आणि 'सार्वत्रिक प्रौढ मताधिकार' म्हणजे युनिव्हर्सल ॲडल्ट फ्रँचाइज. 'जनरल'लाही सार्वत्रिक, 'युनिव्हर्सल'लाही सार्वत्रिक?

निवृत्त_मास्तर

शंका रास्त आहे. 'सार्वत्रिक' हा 'सर्वत्र'पासून बनला, त्यामुळे त्याच्या हाडात 'जागा' आहे. निवडणूक सगळ्या मतदारसंघांत एका वेळी होते म्हणून सार्वत्रिक, हे अगदी बरोबर बसतं, पोटनिवडणुकीच्या उलट. मताधिकाराला तो शब्द तितका बसत नाही, कारण तिथे 'सर्व प्रौढ माणसं' असा अर्थ हवा. पण आता रुळला, राहू दे. त्यातही वयाची अट आहेच, आधी २१ होती, ६१ व्या घटनादुरुस्तीनं १८ झाली. रुळलेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नसतो. नवा लिहिताना मात्र डोळे उघडे ठेवावेत.

शेंगाचटणीताई, तुमचा प्रश्न विसरलेलो नाही. रात्री लिहितो, आता नातवाला आणायला जायचं आहे.

पूर्वभाग

ताई, मास्तर येईपर्यंत मी सांगू का? आमच्या घरात तेलुगू बोलतात, तुमच्या पॅकिंगमधल्या बऱ्याच बायका पण आमच्याकडच्याच असतील.

तेलुगूत माणसांना 'सगळे' म्हणायला 'अंदरू', वस्तूंना 'अन्नी' आणि जागेला 'अंतटा'. मास्तरांचे तीन प्रश्न आमच्या आजीला न शिकताच येतात. आता तुमचं वाक्य घ्या. 'अंदरिकी तेलियदु' म्हटलं की आमच्या घरात अर्थ होतो : सगळ्यांना ठाऊक नाही, काहींना आहे. कोणालाच ठाऊक नाही असं सांगायचं तर 'एवरिकी तेलियदु'. सुरुवातीचा शब्दच बदलतो. मराठीत तुम्ही लिहिलं 'सगळ्यांना समजत नाहीत'. ते दोन्हीकडे वळतं ना!

अक्कलकोटकर

आमच्या कानडीतही तसंच. 'एल्लरिगू गोत्तिल्ल' आणि 'यारिगू गोत्तिल्ल'.

शंकासुर

मराठीतही 'कोणालाच' आहे की. ज्याला 'कोणालाच' म्हणायचं तो तसं म्हणेल. सुपरवायझरनं उगाच उलटा अर्थ काढला.

पूर्वभाग

शंकासुर, बंदच्या दिवशी तुम्हाला घरून कोणी विचारलं, नवी पेठ चालू आहे का? तुम्ही म्हणालात, "सगळी दुकानं बंद नाहीत." एक अर्थ. आता म्हणा, "सगळी दुकानं उघडी नव्हती." सांगा, एखादं उघडं होतं की नव्हतं? आमच्या दुकानात चार जणांना विचारलं, दोघं म्हणाले होतं, दोघं म्हणाले नव्हतं. त्यातल्या एकानं वर चहा मागितला.

शंकासुर

...आमच्या घरात पण विचारून बघितलं. बायको म्हणते सगळी बंद. मी म्हणतो काही बंद. विषय सोडून दिला आहे.

निवृत्त_मास्तर

पूर्वभाग यांनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं सांगतो.

इंग्रजीत 'नॉट' हा 'युनिव्हर्सली'च्या अगदी पुढ्यात उभा असतो. 'नॉट युनिव्हर्सली' म्हटलं की नकार फक्त 'सगळेपणा'ला लागला, समजण्याला नाही. काहींना समजतात हे शिल्लक राहिलं. उलट 'युनिव्हर्सली रिजेक्टेड' म्हटलं की सगळ्यांनीच नाकारलं, शिल्लक काही नाही. शब्दांची जागाच अर्थ सांगते.

मराठीत 'नाही' क्रियापदाच्या मागे, वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. 'सगळ्यांना' इकडच्या टोकाला, 'नाही' तिकडच्या. मधलं अंतर वाचणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचं. बोलताना आपण 'सगळ्यांना'वर जोर देऊन हे भागवतो. फळ्यावर आवाज नसतो. ताई, तुमच्या मनात तो जोर होता म्हणून तुम्हाला वाक्य बरोबर वाटलं. सुपरवायझरपर्यंत नुसती अक्षरं पोचली.

उपाय आपल्या भाषेतच आहे आणि तो एका अक्षराचा आहे : 'च'. चकाकतं ते सगळंच सोनं नसतं, असं आपण म्हणतो. तीच म्हण इंग्रजीत शब्दशः पाहिली तर 'जे जे चकाकतं ते सोनं नाही' असा अनर्थ होऊ शकतो, इंग्रजही तिथे नुसत्या सवयीनंच तरतो. मराठी माणसानं 'सगळंच' म्हणून ती फट बुजवली. आणि अगदी बंदोबस्त हवा असेल तर वाक्य होकारी करून शेवटी 'असं नाही' लावावं : 'सगळ्यांनाच समजतात असं नाही.' आता नकार कुठे लागला याबद्दल कोणीही वाद घालू शकत नाही. शंकासुरसुद्धा.

शंकासुर

प्रयत्न केला. जमलं नाही.

भीमाकाठ

मास्तर, आणि नकार नसेल तेव्हा? 'युनिव्हर्सली'साठी मला तर वाटतं मराठीला क्रियाविशेषणापेक्षा द्विरुक्तीच जास्त आवडते. घरोघरी, गावोगावी, जिकडेतिकडे, जो तो, ज्याच्या त्याच्या तोंडी. 'द टेल इज युनिव्हर्सली नोन' याचं 'ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी आहे'. 'द प्रॉब्लेम एक्झिस्ट्स युनिव्हर्सली' म्हणजे घरोघरी मातीच्या चुली, नाहीतर पळसाला पानं तीनच. आपल्या लोकांनी 'युनिव्हर्सली' चुलीत आणि पळसात भरून ठेवलं आहे.

निवृत्त_मास्तर

भीमाकाठ, हे मात्र मला सुचलं नव्हतं. उद्या शिकवणीला सांगणार, तुमचं नाव न घेता.

गड्ड्यातला_पाळणा

आमच्या घरी टीव्हीचा युनिव्हर्सल रिमोट आणला होता. आमचाच टीव्ही सोडून सगळ्यांचा चालू होतो. शेजारच्या काकांची मालिका बंद केली चुकून. ह्याला काय म्हणायचं मास्तर?

ओ_निगेटिव्ह

सर्वयोग्य. अपवाद : स्वतः.

शेंगाचटणी

मंडळी, आज सकाळी फळा पुसून नवीन लिहिलं :

'धुण्याच्या खुणा सगळ्याच गिऱ्हाइकांना कळतात असं नाही. म्हणून खुणांचं लेबल लावायचंच, आणि त्याच्या शेजारी अक्षरांचं लेबलही लावायचं.'

पूर्वभागदादांनी व्यक्तिगत निरोपात पाठवलेली तेलुगू ओळ खाली लिहिली, लिपी आपलीच ठेवून. शिवणकामातल्या एका मावशींनी ती मोठ्यानं वाचली, माझ्या हातातला खडू घेतला आणि एक काना दुरुस्त केला. मग म्हणाल्या, "आता कळलं. पण बाई, मला एक सांग, परवाच्या लॉटला आम्ही दोन्ही लेबलं लावली. त्यातलं खुणांचं उलटं शिवलं गेलंय तीसेक टॉवेलांना. ते चालतं का सगळीकडं?"

मी तपासणीला निघाले आहे. टब उलटा दिसला तर त्याचा अर्थ काय होतो हे कुणाला ठाऊक असेल तर लिहून ठेवा, संध्याकाळी बघते.

गड्ड्यातला_पाळणा

पाणी सांडलं.